मुंबईतल्या कौशीबाई खुशाल आहेत

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते आमच्या हॉस्पिटलातल्या बँडेजसारखे साचतात. त्या काळी बँडेज फेकत नव्हते. धुवायचं, उकळायचं, वाळवायचं, गुंडाळून ठेवायचं आणि पुढच्या पेशंटला बांधायचं. दर धुण्यात ते थोडं ताणलं जायचं. माझे किस्सेही तसेच, दर वेळी सांगताना वीतभर लांबतात. पण कापड तेच, बरं का! कापडात खोट नाही.

मी तिथं ड्रेसर होतो. शिक्षण चौथी पास, तेही मास्तरांना माझी दया आली म्हणून नाही, स्वतःची आली म्हणून. हॉस्पिटल चांदा जिल्ह्यात, ब्रह्मपुरीपासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसावर. वीस खाटा. डॉक्टरसाहेब नागपूरचे शिकलेले. हात सोन्याचा, पण विसराळू असे की चष्मा कपाळावर चढवून टेबलाखाली शोधायचे. आणि कंपाउंडर बापूराव, जे आपल्या सावलीला आधी वाट द्यायचे.

एकदा मी बापूरावांच्या मिक्स्चरच्या कपाटात बेडूक ठेवला. बापूरावांनी आठ दिवस कपाट उघडलंच नाही. पेशंटांना नुसतं साखरपाणी दिलं.

पेशंट बरे झाले!

पण आज सांगायचे ते किस्से कौशीबाईचे.

* * *

कौशीबाई धानपट्टीतली, भातशेतीच्या मुलखातली, आमच्यापासून तीन कोसांवरच्या गावची. विधवा, पन्नाशीची. एकुलती एक लेक सीता, तिचं लग्न होऊन जावई घरीच राहायला आलेला. कौशीबाईच्या मानेवर गाठ होती. टेंभराच्या फळाएवढी होती तेव्हा बाई आली नाही, कवठाएवढी झाली तेव्हा आली. डॉक्टरसाहेब ओरडले, "इतके दिवस काय करत होता?"

"आधी रोवणा, मंग कापणी चालू होती ना बापा! धान थांबते का गाठीसाठी?"

ऑपरेशनच्या टेबलावर झोपली आणि तिनं डॉक्टरसाहेबांचा हात धरला. "डॉक्टरभाऊ, कापा तं कापा. पण फेकू नका. माह्या हातात द्या."

"गाठ घेऊन काय करणार, बाई?"

"उंबऱ्याखाली पुरीन. आमच्या घरी सगळ्याइचं तिथीच हाय. लेकराइच्या नाळा तिथी, जावळं तिथी. सासऱ्याचं बोट कुऱ्हाडीनं तुटलं, ते बी तिथीच. माणूस म्हंजे सगळा मिळून माणूस. अर्धी इथी अन् अर्धी तिथी ठेवून मेली, तं तिकडं मले कोन वळखंन?"

"देतो बाई, देतो," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि तिच्या नाकावर औषधाचा बोळा धरला.

आता त्याच आठवड्यात आमच्याकडे मुंबईच्या एका प्रयोगशाळेतले साहेब आले होते. तरुण, बारीक, सोबत पेटीभर बाटल्या. माणसाच्या अंगातले जिवंत तुकडे बाटलीत वाढवून पाहायचे, हा त्यांचा धंदा. आम्ही त्यांचं नाव ठेवलं बाटलीसाहेब. गाठ निघाली आणि बाटलीसाहेबांचे डोळे असे चमकले, जसे बापूरावांचे जिलेबी पाहून. अर्धी गाठ तपासणीला नागपूरला गेली. उरलेली जिवंतच बाटलीसाहेबांच्या बाटलीत. कौशीबाईला कोणी विचारलं नाही. ती गुंगीत होती आणि आम्हाला शुद्धीवर असून काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाई उठून बसली. "द्या माही गाठ."

डॉक्टरसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला, माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "नथ्थू, कर काहीतरी."

मी बाजारात गेलो आणि खाटकाकडून बकऱ्याचा गुर्दा आणला. पांढऱ्या फडक्यात बांधून बाईच्या हातात दिला. नवरा गेल्यापासून जिनं मांस-मासोळी, अंडं सोडलं, त्या बाईच्या हातात! तिनं तो हळद-कुंकू वाहून उंबऱ्याखाली पुरला, नारळ फोडला आणि पट्टी बदलायला आली तेव्हा मला प्रसादाचं खोबरं दिलं.

मी खाल्लं!

* * *

बाटलीसाहेबांची अडचण वेगळीच. बाटलीतला तुकडा जिवंत ठेवायचा तर त्याला अंगाची ऊब पाहिजे. दिवस थंडीचे, आमच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या खिडक्यांना काच नाही, आणि मुंबई दोन दिवसांवर. थर्मास तर आमच्याकडे येतानाच फुटलेला.

मी म्हटलं, "साहेब, सदरा काढा."

बाटली त्यांच्या पोटावर ठेवली आणि वरून माझं सगळ्यात लांब बँडेज गुंडाळलं, सात वेढे. साहेब गाडीत चढले तेव्हा डब्यातली एक म्हातारी उठली आणि आपल्या सुनेला म्हणाली, "सरक वं, जागा दे. याले कितवा लागला कोन जाणे!"

* * *

दोन वर्षं गेली. बाईची मान खणखणीत. नवं धान निघालं की डॉक्टरसाहेबांना पायलीभर पोहे आणून द्यायची. अशीच एकदा पोहे घेऊन आली आणि त्याच वेळेस टपालात मुंबईचं पत्र आलं.

डॉक्टरसाहेबांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि वॉर्डात नाचायचेच बाकी राहिले. "नथ्थू! बापूराव! ती गाठ जिवंत आहे रे! दोन वर्षं झाली, अजून वाढतेय! रोजच्या रोज दुप्पट! हे लिहितात, बाकीच्या सगळ्या बाटल्या मेल्या, ही एकच मरायला तयार नाही! म्हणतात, मरेलसं वाटतच नाही!"

"कोनाची गाठ?" मागून आवाज आला.

डॉक्टरसाहेब आनंदात. "अहो, तुमचीच!"

मग त्यांच्या लक्षात आलं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

कौशीबाईनं पोह्यांची टोपली खाली ठेवली. "माही गाठ तं उंबऱ्याखाली हाय."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं. चार नंबरच्या खाटेवरचा बेशुद्ध पेशंट, त्यानंही माझ्याकडे पाहिलं!

मी सगळं कबूल केलं. गुर्दा, खाटीक, फडकं, सगळं. वाटलं, आता टोपली डोक्यात बसते. बाईनं टोपली उचलली आणि बाजूला ठेवली. मग म्हणाली,

"तरीच! दोन वर्षं झाली, शेजाऱ्याची बकरी रोज येते अन् माह्या उंबऱ्यापाशी उभी राह्यते!"

वॉर्ड हसला, मी हसलो. बाई हसली नाही.

"नथ्थू, तू मले फसवलं. अन् डॉक्टरभाऊ, तुमी कबूल करून विसरले. माह्या अंगातलं नेलं अन् मले एका शब्दानं विचारलं नाई. बकऱ्याले तरी कापायच्या आधी पाणी पाजते ना माणूस? त्या मुंबईवाल्याले लिवा, कौशी आपली कौशी मागून राह्यली. घेऊन ये म्हना."

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि नीट डोळ्यांवर घातला. म्हणाले, "आमचं चुकलं, बाई." आणि त्याच टपालानं पत्र टाकलं.

बकऱ्याचा गुर्दा कोणी उकरला म्हणता? मीच! भर दुपारी, सगळं गाव ओसरीवर बसून पाहत असताना. शेजाऱ्याची बकरीसुद्धा!

* * *

बाटलीसाहेबांचं उत्तर आलं, "बाईंना घेऊन अमुक गाडीनं येतो."

मी चौथी पास असलो तरी दुप्पट करता येते. बापूरावांना घेऊन बसलो आणि जमिनीवर खडूनं मांडलं. "हे पहा, गाठ होती कवठाएवढी. अर्धी गेली. दुसऱ्या दिवशी कवठ, तिसऱ्या दिवशी बेल, चौथ्या दिवशी कोहळं. दहाव्या दिवशी कौशीबाईएवढी. आता दोन वर्षं झाली, बापूराव! तिकडं किती मोठी झाली असंन, विचार करा!"

बापूराव पांढरे पडले. "मंग आणतीन कशी?"

"मालगाडीनं. डॉक्टरसाहेबांनी तुम्हालाच उतरवून घ्यायला सांगितलं आहे."

स्टेशनवर बापूराव दोन बंड्या घेऊन हजर! चार बैल, सोबत पाच गडी, दोर आणि वर झाकायला ताडपत्री. गाडी आली. बाटलीसाहेब उतरले, बगलेत नवा थर्मास.

बापूराव हात जोडून म्हणाले, "साहेब, बाई कोन्त्या डब्यात आहेत?"

साहेबांनी थर्मास दाखवला. "यात."

बापूरावांनी तो थर्मास दोन्ही हातांनी घेतला, बंडीत गवतावर ठेवला, वरून ताडपत्री झाकली आणि गाडीवानाला म्हणाले, "हळू हाक. बाईमाणूस हाय."

दुसरी बंडी मागून रिकामी आली. पाच गडी तिच्यामागं चालत.

* * *

त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मधे टेबल, टेबलावर बारकं मोठं दाखवणारी दुर्बीण. कौशीबाई नवं लुगडं नेसून आली. म्हणाली, "पहिल्यांदाच भेटून राह्यली ना मी मले!"

साहेबांनी चपटी बाटली दुर्बिणीखाली ठेवली. बाईनं डोळा लावला. कितीतरी वेळ लावला.

"कशी दिसते, माय?" सीतानं विचारलं.

"रोवणा झालेल्या धानाच्या बांधीसारखी. दाट." बाईनं डोळा काढला. "अन् हे बाटलीवर काय लिवलं?"

"सी-सात. हा नंबर आहे," साहेब म्हणाले.

"काऊन? मी कोंडवाड्यातली गाय आहो? माह्या बापानं नाव ठेवलं मले."

साहेब ओशाळले. मग त्यांनी सरळ सांगितलं. माणूस चांगला होता. "बाई, न विचारता नेली ही आमची चूक. ही तुमचीच आहे. पुरायची तर पुरा. हीच शेवटची नाही, तिकडे आणखी बाटल्या आहेत. तुम्ही म्हणाल तर त्याही टाकून देईन."

"अन् ठेवली तं तुमी काय करता इच्यावर?"

"लहान मुलांना द्यायच्या लशी आधी हिच्यावर तपासतो. हिला सोसलं तर पुढं जातो."

"म्हंजे आधी मी चाखते, अन् मंग लेकराइले देता?"

"तसंच."

"मंग त्यात नवं काय हाय? जिंदगीभर तेच तं केलं!"

पण हसणं तेवढ्यावरच थांबलं. बाईनं बाटली हातात घेतली. गावातले चार म्हातारे पुढं सरकले. उंबऱ्याखाली खड्डा तयार होता, मीच खणून आलो होतो. सीता नारळ घेऊन उभी. दोन वर्षं जिला वाटत होतं की आपण पूर्ण आहोत आणि मग कळलं की नाही, ती बाई आता अखेर पूर्ण होणार होती. साहेब बिचारे बाटलीकडे असे पाहत होते, जसा लेकीचा बाप वरातीकडे पाहतो.

बाईनं बाटली उजेडात धरली, हलवली, कानाला लावली. मग म्हणाली, "नथ्थू, खड्डा बुजव."

"काऊन, बाई?"

"हे तं जित्तं हाय. जित्त्याले कोनी पुरते का?"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! डॉक्टरसाहेबांचा चष्मा खाली पडला आणि त्यांनी शोधलासुद्धा नाही. बाईनं तिथंच आपल्या अटी सांगितल्या. बाटलीवर नंबर नाही, नाव पाहिजे. दर महिन्याला खुशालीचं कार्ड पाहिजे. काही नवं करायचं तर आधी विचारायचं. आणि इकडून जाणारं कार्ड नथ्थू लिहील, जिंदगीभर, गुर्द्याची शिक्षा म्हणून.

साहेबांनी नंबर खोडून लिहिलं, "कौशल्याबाई, जिल्हा चांदा."

निघताना बाईनं बाटली परत दिली आणि सहज विचारलं, "तवा बी या थर्मासातच नेली होती का मले?"

मी साहेबांना डोळे मोठे करून दाखवले. पण खरं बोलायची सवय वाईट! "नाही बाई, तेव्हा पोटाशी बांधून नेली होती. दोन दिवस."

कौशीबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "अगंमाय! मी विधवा बाई, अन् परक्या माणसाच्या पोटाशी? दोन दिवस?"

साहेब लालेलाल. बाई म्हणाली,

"डब्यात कोनी वळखीचं तं नव्हतं ना?"

* * *

कार्डं सुरू झाली. तिकडून साहेब लिहीत, इकडून बाई सांगे आणि मी लिही. तिसऱ्याच कार्डात बाईनं विचारलं, "मी तिकडं खाते काय?"

साहेबांचं खरं बोलणं काही सुटलं नव्हतं. उत्तर आलं, "मिठाचं पाणी, घोड्याच्या रक्तातली निवळ आणि कोंबडीच्या अंड्याचा रस."

मी वाचून दाखवलं आणि दोन पावलं मागं सरलो. वीस वर्षांत बाईनं अंड्याला हात लावला नव्हता!

"घोडा? घोडा तं कोनीच खात नाई रे!" बाई डोक्याला हात लावून बसली. "दुसरं काई चालत नाई का तिले? धानाचा कोंडा? पेज?"

विचारलं. उत्तर आलं, "पेज सोसत नाही. पण रोज खात नाही, दर तिसऱ्या दिवशी देतो. मधले दोन दिवस काही नाही."

बाईचा चेहरा उजळला. "म्हंजे दोन दिवस कडक उपास! लिव नथ्थू, तिले म्हना, माह्यापेक्षा तूच बरी. मी तं एकादशीले बी साबुदाणा खाते!"

* * *

मग राज्यं बदलली. आम्ही मध्यप्रदेशात होतो, ते एका दिवसात मुंबई राज्यात गेलो. हॉस्पिटलातले सगळे कागद, शिक्के बदलायची धावपळ. बापूराव घाबरून विचारत होते की औषधंही बदलतात की काय. बाजारात लोक विचारत होते, असं कसं झालं?

कौशीबाई म्हणाली, "आधी मी गेली. तीन वर्षांनी आख्खा जिल्हा माह्या मागून आला!"

त्याच पावसाळ्यानंतर बाईला जबर ताप आला. मलेरिया. हॉस्पिटलात आणली तेव्हा डोळे फिरवलेले, क्विनाईन घशाखाली उतरत नव्हतं. डॉक्टरसाहेब हात चोळत होते. सीता पायाशी रडत होती. तेवढ्यात मुंबईचं कार्ड आलं. मी बाईच्या कानाशी वाचलं, "सा. न. वि. वि. आपली प्रकृती उत्तम आहे. गेल्या महिन्यात आपण सहा नवीन बाटल्यांत गेलात."

बाईनं एक डोळा उघडला. "सहा?"

"सहा."

"मंग मी इथी झोपून काय करून राह्यली?"

आणि उठून बसली! डॉक्टरसाहेबांनी त्या दिवसापासून केसपेपरच्या मागं औषधांखाली लिहायला सुरुवात केली, "मुंबईचे कार्ड, महिन्यातून एकदा."

* * *

आता हा शेवटचा. याला मी एक वीतही ताणलेलं नाही.

दोन उन्हाळे गेले आणि कौशीबाई गेली. आजारी नाही, काही नाही. सकाळी आंगण सारवलं, उंबऱ्यापाशी टेकून बसली आणि तशीच राहिली. उंबऱ्याखाली जे जे होतं, त्याच्या शेजारी. मुंबईला मी कळवायला हवं होतं. पण मी चौथी पास माणूस, तीन कार्डं फाडली. जी बाई तिकडं आहे तिची बातमी तिकडं कशी कळवायची, ते मला लिहिता आलं नाही.

तेराव्या दिवशी, तेरवीला, सगळं गाव जेवायला. मांडवात पंगत बसलेली, पळसाच्या पत्रावळी, भात, वरण, वांग्याची भाजी. डॉक्टरसाहेब आणि बापूराव माझ्या शेजारी. पहिला घास उचलला आणि पोस्टमन आला. आमच्याकडचा पोस्टमन कार्ड देत नसे, मोठ्यानं वाचून दाखवत असे. त्यानं बाहेरूनच आवाज दिला, "कौशल्याबाईचं कार्ड!" आणि थांबायच्या आत वाचूनही टाकलं.

"सा. न. वि. वि. आपली प्रकृती उत्तम आहे. वाढ जोरात आहे. जागा पुरत नाही म्हणून आपल्याला मोठ्या बाटलीत हलवले आहे. कळावे."

पंगतीतले सगळे हात पत्रावळीवरून वर येता येता थांबले. कोणी चावेना, कोणी गिळेना. बापूरावांचा घास तोंडातच. शेवटी पंगतीच्या टोकाला बसलेले गावचे सगळ्यात म्हातारे पाटील हळूच म्हणाले,

"मंग आपण कोनाची तेरवी जेवून राह्यलो?"

डॉक्टरसाहेबांकडे सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टरसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला.

सीता भाताची टोपली घेऊन वाढत होती. तिनं टोपली खाली ठेवली, पोस्टमनच्या हातून कार्ड घेतलं, कपाळाला लावलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. मग म्हणाली, "जेवा तुमी. भात थंडा होते."

गाव जेवलं. पोटभर जेवलं, मागून मागून जेवलं.

पंगत उठल्यावर सीतानं मला ओसरीवर बसवलं आणि कोरं कार्ड समोर ठेवलं. "लिवा, नथ्थूभाऊ. माय सांगून गेली, नथ्थूची शिक्षा अजून संपली नाई."

"साहेबांच्या नावानं?"

"साहेबाच्या कायले? माह्या मायच्या नावानं."

मी पत्ता घातला, "कौशल्याबाई, मोठी बाटली, मुंबई." आणि ती सांगत गेली तसं माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहीत गेलो.

"माय, तुही तेरवी चांगली झाली. दोन पंगती उठल्या. भाजीत मीठ थोडं जास्त झालं होतं, पण कोनी काई म्हनलं नाई. इकडची काळजी करू नोको. तब्येतीले जप."